न्हाणीघरातला अग्नी : बंबापासून सौरतापकापर्यंत

बंगळुरात राहणारा मराठी माणूस इतिहासावर लिहायला बसला की शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करण्याचा मोह त्याला आवरत नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने हे गाव घेतले, शहाजीराजे येथे राहिले आणि त्या धाग्याने आपण सारे या भूमीशी स्वतःला बांधून घेतो. तो अभिमान योग्यच आहे. परंतु इतिहास केवळ दरबारात व रणांगणावर घडत नाही, तो माजघरात घडतो, परसात घडतो आणि न्हाणीघरातही घडतो. प्रस्तुत लेखात या शेवटच्या, काहीशा उपेक्षित जागेचा विचार करावयाचा आहे.

त्याला निमित्तही तसेच आहे. बनशंकरीत ज्या घरांच्या गच्च्यांवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सौर पाणीतापक बसले, त्यांतील कित्येकांच्या टाक्या आता गळू लागल्या आहेत. ज्यांच्याकडे विजेचे गिझर होते, त्यांचे ते गिझर क्षाराने भरून गेले आहेत. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या एकच चर्चा चालू असते : जुने काढून टाकायचे, पण त्या जागी नवे कोणते घ्यायचे? दुकानदाराला विचारावे, तर तो आपल्याजवळ शिल्लक असेल ते सांगतो. शेजाऱ्याला विचारावे, तर तो स्वतः घेतलेलेच उत्तम म्हणतो.

मी शास्त्राचा पदवीधर नव्हे, अभियंता तर नव्हेच. कला शाखेची पदवी आणि केंद्र सरकारच्या कचेरीतील तीसएक वर्षांची नोकरी एवढीच माझी शिदोरी. परंतु या नोकरीने एक शिस्त लावली. फायलीतील मागचा पत्रव्यवहार वाचल्याखेरीज नवा शेरा लिहू नये, ही ती शिस्त. घरातील पाणी तापवण्याच्या प्रश्नाचीही अशी एक जुनी, जाडजूड फाईल आहे. ती चाळल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. गेल्या दीडशे वर्षांत प्रत्येक नव्या साधनाने अग्नीला घरातल्या माणसांच्या डोळ्यांआड, आणखी थोडे दूर नेले. अग्नी दूर गेला, पण त्याची जबाबदारी मात्र दूर गेली नाही. ज्यांना या गोष्टीचा विसर पडला, त्यांनी त्याचे मोल कधी पैशाने दिले, तर कधी प्राणाने.

बंब आणि हंडा

आपल्या पिढीतील बहुतेकांच्या लहानपणी पाणी तापवण्याचे साधन म्हणजे तांब्याचा बंब. हा शब्दच मोठा गमतीचा. पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’ म्हणजे पंप या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. त्यामुळेच आग विझवणारा तोही बंब आणि आग पेटवून पाणी तापवणारा तोही बंब, अशी एकाच शब्दाची दोन परस्परविरुद्ध कामे मराठीत सुखाने नांदली.

या बंबाची रचना वरवर साधी, पण फार विचाराची होती. बाहेरून तांब्याचे उभे पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेली नळी, खाली निखाऱ्यांची जाळी आणि तिच्याखाली राख पडण्याची जागा. आग नळीत, पाणी नळीभोवती. म्हणजे उष्णता चहूबाजूंनी पाण्यालाच मिळणार, उघड्या चुलीवरच्या भांड्याप्रमाणे ती वाऱ्यावर उधळली जाणार नाही. पुष्कळ बंबांत वरून एक तांब्या गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून घंगाळात येई. गार पाणी जड म्हणून तळाशी बसते, तापलेले हलके म्हणून वर चढते, हा निसर्गनियम तेथे कामाला लावलेला होता. हाच नियम पुढे आपल्याला गच्चीवर पुन्हा भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे बंब ठोक्याठोक्याने घडत. पेशवाईत तेथे वसलेल्या तांबटांच्या हातोडीचा नाद त्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या घुमत राहिला. बंब मुलीच्या संसाराला दिला जाई, बदलीच्या गावी सामानाच्या गाडीतून जाई, गळू लागला तर कल्हईवाला किंवा तांबट तो सांधून देई आणि अगदीच निकामी झाला तर मोडीतही त्याच्या तांब्याचे पैसे येत. ‘नवा कोणता घ्यावा’ हा प्रश्न त्या काळी तीस-चाळीस वर्षांतून एकदा पडत असे, याचे कारण या दुरुस्त होण्यात आहे.

कानडी मुलखात बंबाचे काम ‘हंडे’ करीत असे. ‘बच्चलु मने’ म्हणजे न्हाणीघर, त्याच्या कोपऱ्यात मातीने लिंपलेली चूल आणि त्या चुलीतच कायमचा बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. येथील कित्येक घरांतून बंबासारखेच नळीचे साधनही असे, त्याला सरळ ‘बॉयलर’ म्हणत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी कानडी घरांत ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, साजरा होतो. हंडा चिंचेने लखलखीत घासायचा, त्याला हळदकुंकू लावायचे, फुलांची माळ घालायची, तो काठोकाठ भरायचा आणि पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान करायचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाला बोटे ओढणाऱ्या आपल्या घरांना हा सण परका वाटला नाही, यात नवल ते कोणते? महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमारेषा नकाशावर कोठेही असो, ती न्हाणीघरातून जात नाही.

परंतु जुन्याचे गोडवे गाताना हिशेबाची दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. बंबाचा पहाटेचा जाळ कोण घालीत असे? घरातील बाई. सर्वांच्या आधी ती उठे, ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत घेई, करवंट्या, झावळ्या, भुसा जे मिळेल ते बंबात सारी आणि सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कोमट पाण्याने स्नान उरके. वखारीतील लाकूड कोणत्या डोंगरावरून येते हेही कोणी विचारीत नसे. येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ नावाचे केंद्र सुरू झाले. ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरण्याचा त्याचा उद्देश होता, आणि त्या केंद्राने कमी लाकडात, कमी धुरात चालणारी ‘अस्त्र ओले’ नावाची चूल तयार केली. चुलीकडे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वळावे, इतका हा प्रश्न गंभीर होता.

विलायतेतील गिझर

आता क्षणभर समुद्रापलीकडे जाऊ, कारण आपण सर्रास वापरतो तो ‘गिझर’ हा शब्द तेथून आला. आइसलंडमध्ये जमिनीतून उसळणाऱ्या उष्ण पाण्याच्या एका झऱ्याचे नाव ‘गेसिर’. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉगन याने वायूच्या ज्योतीने स्नानाचे पाणी तत्काळ तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. लाकूड नको, राख नको, पेटवताच कढत पाणी, अशी ती किमया होती. पण तीत एक गंभीर उणीव होती. जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडेच तिला नव्हते, तो सारा न्हाणीघरातच राही.

ही उणीव दूर करण्याकडे पुढील संशोधकांचे लक्ष गेले. १८८९ साली अमेरिकेत एडविन रूड याने पाणी साठवून आपोआप तापवणारा तापक तयार केला. १८९४ साली जर्मनीत योहान व्हायलांट याने ज्योतीचा धूर व स्नानाचे पाणी एकमेकांपासून पूर्णपणे अलग ठेवणाऱ्या बंदिस्त तापकाचे पेटंट घेतले. त्याच परंपरेतून पुढे युरोपात एकच यंत्र घरही उबदार ठेवील आणि नळालाही गरम पाणी देईल, असा ‘कॉम्बी बॉयलर’ निघाला. आपल्यापैकी ज्यांची मुले-सुना इंग्लंडात आहेत, त्यांनी स्वयंपाकघरातील भिंतीवर टांगलेली ती पांढरी पेटी पाहिली असेल. तेथे २००५ पासून नवा बॉयलर बसवताना बाहेर पडणाऱ्या वाफेतलीही उष्णता परत घेणाराच असावा, असा साधारण नियम झाला. तो बॉयलर बिघडला की ऐन थंडीत तेथील घर गारठते, त्यामुळे ‘आता कोणता घ्यावा’ या चिंतेत आपली मुलेही असतात. तेथे तो बसवण्याचे काम नोंदणीकृत तंत्रज्ञानेच करावे असा कायदा आहे आणि धुराची वाट बाहेरच असली पाहिजे, यात कोणालाही सवलत नाही. मॉगनच्या उणिवेतून त्या समाजाने घेतलेला हा धडा आहे. आपण तो किती घेतला, ते पुढे पाहू.

मुंबईचा सूर्य

सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवण्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. विल्यम ॲडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ तेथे न्यायखात्यात उपनिबंधक होते. म्हणजे आमच्यासारखेच सरकारी नोकर. या देशात लाकूड व कोळसा महाग, पण ऊन मात्र अमाप, हे पाहून त्यांनी कुलाब्याच्या बाजूला सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी केली, सारे ऊन एका तांब्याच्या बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. आरशांच्या पेटीत त्यांनी सात शिपायांचे अन्नही शिजवल्याचा दाखला आहे. उष्ण कटिबंधात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले. पुढे ते विस्मृतीत गेले.

तेरा वर्षांनी, १८९१ मध्ये, अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने काचेच्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून उन्हाने पाणी तापवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. त्यात दोष हा, की सूर्य मावळला की पाणी निवे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम बेली याने तापवणारी पेटी खाली व साठवणारी टाकी वर, आणि ती टाकी जाड आवरणात गुंडाळलेली, अशी रचना केली. तापलेले पाणी आपोआप वर चढते, गार पाणी खाली उतरते. आपल्या बंबातला नियम तो हाच! बेलीने आपल्या साधनाला ‘दिवसरात्र’ या अर्थाचे नाव दिले, कारण त्यातील पाणी दुसऱ्या पहाटेपर्यंत गरम राही. आज बनशंकरीच्या गच्च्यांवर दिसणारी साधने याच बेलीच्या वंशातली होत.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्वस्त नैसर्गिक वायू मिळू लागला आणि तेथील सौरतापकांचा धंदा बसला. ऊन तेच होते, यंत्रही चांगले होते, पण स्वस्त इंधनापुढे ते टिकले नाही. पुढे १९७३ साली खनिज तेलाचे भाव कडाडले तेव्हा साऱ्या जगाला सूर्याची पुन्हा आठवण झाली. इस्रायलने १९८० साली नव्या घरांना सौरतापक सक्तीचा केला.

दिवे लागले, गिझर आले

बंगळूरकडे परत येऊ. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने कावेरीवर शिवनसमुद्र येथे वीजनिर्मिती केंद्र उभारण्यात आले. १९०२ मध्ये तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली आणि ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. तरी न्हाणीघरात वीज शिरायला आणखी अर्धशतक जावे लागले. १९४८ मध्ये जोगचे वीजकेंद्र, १९६०च्या दशकात शरावती, असे प्रकल्प उभे राहिले आणि ‘म्हैसूर राज्यात वीज मुबलक’ अशी ख्याती झाली.

याच सुमारास आपली वसाहत आकार घेत होती. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरीचे मंदिर १९१५ सालचे. तिचे मूळ ठाणे बदामीजवळचे, आणि ती शाकंभरी अनेक मराठी कुटुंबांची कुलदेवता असल्याने येथे घर घेणाऱ्या कित्येकांना आपण कुलस्वामिनीच्याच आश्रयाला आलो असे वाटले. नगर सुधारणा मंडळाने व १९७६ नंतर बंगळूर विकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने भूखंड आखले. वीस बाय तीस, तीस बाय चाळीस, चाळीस बाय साठ फूट, ही मापे येथील प्रत्येक नोकरदाराला पाढ्यांसारखी पाठ झाली. विमानांच्या, दूरध्वनीच्या, इलेक्ट्रॉनिकच्या सरकारी कारखान्यांतून व केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून नोकरीसाठी आलेली आपली माणसे कर्ज काढून येथे घरे बांधू लागली. त्या घरांत धुराडे ठेवायला जागा नव्हती आणि लाकडे ठेवायला परसही नव्हते. बंब माळ्यावर गेला व भिंतीवर गिझर आला.

गिझरने घरातील बाईचा पहाटेचा धूर संपवला, हे त्याचे उपकार मोठे आहेत. पण अग्नी मात्र विझला नव्हता, तो दूर गेला होता. १९८५ पासून रायचूरच्या औष्णिक केंद्रातून कोळशाची वीज मिळू लागली आणि मग आपल्या घरी कळ दाबली की जाळ रायचूरला होऊ लागला. तोही तोट्याचाच सौदा. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो, बाकीचा वाया जातो. त्या विजेची आपण न्हाणीघरात पुन्हा उष्णता करतो. त्यात सर्व घरांची स्नाने सकाळी सहा ते नऊ या एकाच वेळात. पावसाने ओढ दिलेल्या वर्षांतील वीजकपात ज्यांनी भोगली आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे.

गच्चीवरची क्रांती

तेलाच्या धक्क्यानंतर भारत सरकारने १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जा स्रोतांसाठी एक आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग काढला व १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. बँकांमार्फत सवलतीच्या व्याजाने कर्जे देण्यात आली. योजना साऱ्या देशासाठी होती, पण तिला सर्वाधिक भरभरून प्रतिसाद देणाऱ्या शहरांत बंगळूर अग्रभागी राहिले. पुणेही मागे नव्हते.

याची कारणे भूगोलात आहेत, तशी समाजरचनेतही आहेत. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच. त्यामुळे पहाट बारा महिने गार, म्हणून गरम पाणी बारा महिने हवे. दिवस मात्र बहुधा उन्हाचा. नागपूरकराला वैशाखात गिझर बंद करावा लागतो, बंगळूरकराला नाही. म्हणजे केलेला खर्च वर्षभर उपयोगी पडतो. शिवाय स्वतंत्र घर, सपाट गच्ची आणि त्या गच्चीवर पूर्ण मालकी. तापक बसवणारा, वीज वाचवणारा व बिल भरणारा माणूस एकच, त्यामुळे निर्णयाला वेळ लागत नसे. वीज कंपनीने सौरतापक असलेल्या घरांना युनिटमागे पन्नास पैसे, महिन्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये सूट दिली. २००७ साली कर्नाटक सरकारने बाराशे चौरस फूट वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या घरांना सौरतापक सक्तीचा केला.

लाभ किती, याचे गणित सातवी-आठवीतील मुलालाही करता येईल. शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला सुमारे चार युनिट वीज लागते. दररोज चार, म्हणजे वर्षाला चौदाशेहून अधिक युनिटे. ढगाळ दिवस वजा केले तरी पुष्कळ उरते. ॲडम्ससाहेबांनी मुंबईत जे सांगितले, ते सव्वाशे वर्षांनी बंगळूरच्या गच्च्यांवर खरे ठरले.

अदृश्य धूर

याच काळात एक वेगळे साधन गाजावाजा न करता घराघरांत शिरले. सिलिंडरवर चालणारा छोटा गॅस गिझर. किमतीने स्वस्त, वीज नसली तरी चालतो, पाणी तत्काळ तापवतो. भाड्याच्या घरांतून व वीजकपातीच्या दिवसांतून त्याचा प्रसार झाला. पुष्कळांनी तो न्हाणीघराच्या आतच, दार-खिडक्या बंद असणाऱ्या चार बाय सहा फुटांच्या जागेत टांगला.

येथे मॉगनची १८६८ सालची उणीव पुन्हा अवतरली. बंद खोलीत ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, त्यावरून गळती कळते, पण या विषाला तशी खूण नाही. रक्तातील लोहद्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. स्नान करणाऱ्याला थोडे गरगरते, पाय लुळे पडतात आणि कडी काढण्याइतकीही शक्ती उरत नाही. दर हिवाळ्यात बंगळूर, पुणे, दिल्ली येथील वृत्तपत्रांतून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यांत तरुण मुले-मुली असतात, नवविवाहित जोडपी असतात, घर सोडून नोकरीसाठी आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी मुले असतात. वाचले तरी काहींच्या मेंदूला कायमची इजा होते. आपल्या डॉक्टरांनी या विकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे.

आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नसतील, परंतु पेटता बंब बंद खोलीत ठेवू नये हे त्यांना ठाऊक होते, कारण त्याचा धूर दिसत असे, डोळ्यांना झोंबत असे. दिसणारा धूर सावध करी, न दिसणारा धूर बेसावध गाठतो.

मग आता घ्यावे कोणते?

हा झाला मागील पत्रव्यवहार. आता शेरा.

ज्यांचे घर स्वतंत्र आहे, गच्ची आपली आहे आणि तीवर सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत ऊन पडते, त्यांनी जुना सौरतापक काढून पुन्हा सौरतापकच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन माणसांना शंभर लिटर, चार-पाच माणसांना दोनशे लिटर पुरतात. मात्र आधी आपले पाणी तपासावे. कावेरीचे पाणी मृदू, कूपनलिकेचे बहुधा क्षारयुक्त व जड. जुन्या चपट्या पेट्यांतील तांब्याच्या बारीक नळ्या अशा पाण्याने चोंदतात. जड पाण्याला काचेच्या निर्वात नळ्यांचे साधन अधिक सोसते, पण त्या नळ्या फुटू शकतात, म्हणून माकडांचा वा चेंडूफळीचा उपद्रव असेल तेथे तोही विचार करावा. तोंड दक्षिणेकडे असावे. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची नळी आखूड व आवरणात गुंडाळलेली असावी, नाहीतर रोज पहाटे बादलीभर गार पाणी वाहून जाते आणि पाण्याच्या टंचाईत विजेची बचत फसवी ठरते. पावसाळी दिवसांसाठी विजेची जोड ठेवावी, पण तिची कळ रोज चालू ठेवू नये.

शेजारी चार मजली इमारत उठली असेल, तर मात्र आधी सावली मोजावी. आपल्या वसाहतीतील बैठी घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. ज्याची गच्ची त्याचे ऊन, हे जुने समीकरण त्यामुळे मोडले आहे. वीस कुटुंबांची एक गच्ची, तीवर हक्क सर्वांचा आणि पुढाकार कोणाचाच नाही, अशी स्थिती दिसते. येथे सोसायटीने एकत्र निर्णय घेणे हाच मार्ग. जागा अपुरी असेल तर ‘हीट पंप’ या नव्या साधनाचा विचार करावा. शीतकपाटाचे काम उलटे केले म्हणजे हीट पंप. तो भोवतीच्या हवेतली उष्णता उचलून पाण्याला देतो आणि एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. आरंभीचा खर्च जास्त, पण अनेक कुटुंबांत वाटला तर पेलण्याजोगा असतो. आपल्या हवेला तो मानवणाराही आहे.

केवळ विजेचाच गिझर घेणे भाग असेल, तर गरजेपुरता घ्यावा. पंधरा लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर वीसेक मिनिटांत पाणी पुरेसे तापवतो, तो तासन्‌तास चालू ठेवण्यात अर्थ नाही. ताऱ्यांची खूण पाहावी, सुरक्षा झडप व भूजोडणी तपासून घ्यावी, आतील मॅग्नेशियमचा दांडा ठरावीक काळाने बदलावा.

गॅस घेणे असेल तर यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत, ही एकच अट आहे आणि तिला अपवाद नाही. २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या वाहिनीतून आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून नैसर्गिक वायू बंगळूरला येतो व शहरातील अनेक वसाहतींत तो नळाने घरोघरी पोहोचला आहे. कोकणातला हा पाहुणा स्वागतार्ह आहे, परंतु बंद खोलीत तोही घातकच. ज्यांची मुले परगावी भाड्याने राहतात, त्यांनी आज रात्रीच दूरध्वनी करून ‘तुमचा गिझर कोठे लावला आहे?’ एवढे एक विचारावे. मालकाने तो आत लावलेला असेल तर तो बाहेर काढून घेईपर्यंत बादलीत पाणी तापवून स्नान करण्यात कमीपणा नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेखाली, पूर्वीच्या सरासरीच्या मर्यादेत, महिन्याला दोनशे युनिटांपर्यंतची वीज घरगुती ग्राहकांना विनामूल्य मिळू लागली. सामान्य कुटुंबाला त्याचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु ‘वीज फुकट, मग सौरतापकाची दुरुस्ती कशाला?’ असे म्हणणारे ऐकू येऊ लागले, तेव्हा मला १९२०च्या दशकातील कॅलिफोर्निया आठवला. स्वस्त इंधनाने तेथील गच्च्या रिकाम्या केल्या आणि पन्नास वर्षांनी त्याच विद्येसाठी जगाला नव्याने धडपडावे लागले. योजना बदलतात, दर बदलतात, सरकारे बदलतात. सूर्याचा दर मात्र बदललेला नाही.

बंब गेला याचे दुःख करीत बसू नये. धूर गेला, बाईची पहाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले. फक्त बंबाभोवती जी समज होती ती टिकवली पाहिजे. जाळ कशाचा आहे, कोठे आहे, त्याचा धूर कोठे जातो आणि त्यासाठी कोण राबते, हे चार प्रश्न बंबापुढे बसणाऱ्या बाईला कधी विचारावे लागले नाहीत, कारण उत्तरे तिच्या डोळ्यांपुढे होती. आपल्या पुढे ती नाहीत, म्हणून आपण ते प्रश्न विचारायचे. नवे साधन घरात आणताना दुकानदाराला किंमत विचारण्यापूर्वी ते स्वतःला विचारले, तर निवड चुकण्याचा संभव फार थोडा. येत्या नरकचतुर्दशीला बनशंकरीतील प्रत्येक मराठी घरात अभ्यंगाचे पाणी सुखाने व निर्धास्तपणे तापो, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी सदिच्छा.